बंदूक पुढच्या वर्षी

दर एप्रिलमध्ये आमच्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक फोटो येतो. माणसं बदलतात, फोटो तोच असतो. कुणाच्या तरी ऑफिसातला सहकारी किंवा शेजारी, त्याचं आठ-दहा वर्षांचं पोर, दोघांच्या अंगावर झाडाच्या सालीच्या रंगाचे कपडे, बुटांना चिखल आणि पुढ्यात पिसारा फुलवून मांडलेला मेलेला टर्की. खाली ठरलेल्या प्रतिक्रिया. "बिचारा पक्षी." "या वयात पोराच्या हातात बंदूक?" "आणि मग शाळेत गोळीबार झाला की मेणबत्त्या लावतात."

यंदा त्या फोटोत मी आणि माझी बारा वर्षांची लेक होतो. प्रतिक्रिया त्याच आल्या. लेकीच्या हातात बंदूक नव्हती, लाकडाची एक डबी होती, हे कुणी पाहिलंच नाही. हा लेख त्या डबीसाठी आहे.

आधी माझं म्हणणं सांगून टाकतो. मांस खाणाऱ्या घरातल्या मुलाने आईबापाबरोबर एकदा तरी शिकारीला जायला हरकत नाही. मी तर म्हणेन, जावंच. पण पहिल्या वर्षी त्याच्या हातात बंदूक देऊ नये. आणि वयाची कसलीही अट न ठेवता मुलांना शिकारीचे परवाने देणारा आमच्या राज्याचा कायदा चुकीचा आहे, कारण मुलांचं काय होईल या विचारातून तो झालेला नाही.

"तुम्ही रविवारी चिकन आणताच ना?" हा प्रतिटोला इथे मारता येतो, पण तो फार सोपा आहे म्हणून सोडून देतो. इतकंच सांगतो की सुपरमार्केटात थँक्सगिव्हिंगच्या सणाला मिळणारा टर्की आणि रानातला टर्की यांचं नातं आता नावापुरतं उरलंय. पोल्ट्रीतला पांढरा टर्की छातीच्या मांसासाठी इतका वाढवलाय की त्याला नैसर्गिकपणे जोडी जमवता येत नाही, अंडी फळण्यासाठी कृत्रिम रेतन करावं लागतं. रानातला नर नऊ-दहा किलोचा असून उडतो, रात्री उंच झाडावर झोपतो आणि माणसाने पापणी हलवली तरी त्याला दिसते.

शिवाय हा रानातला पक्षी इथे असणं हीच एक नवलाची गोष्ट आहे. विस्कॉन्सिनमधला शेवटचा रानटर्की 1881 च्या सुमारास संपला. जंगलं तोडून शेतं झाली होती, आणि बाजारात विकायला वाटेल तितके पक्षी मारायला कुणाची आडकाठी नव्हती. पुढे फार्मवर वाढवलेले टर्की रानात सोडून पाहिले. ते तगले नाहीत. माणसाच्या हातचा दाणा खाऊन वाढलेल्या पक्ष्याला कोल्ह्यापासून पळायचं कुणी शिकवलेलंच नव्हतं. शेवटी तोफेसारखं जाळं उडवून रानातलेच पक्षी पकडायचे आणि दुसऱ्या राज्यात नेऊन सोडायचे, ही युक्ती लागू पडली. 1976 मध्ये मिसुरीहून आलेले 29 पक्षी इथल्या व्हर्नन काउंटीत सोडले. बदल्यात विस्कॉन्सिनने मिसुरीला ग्राउज नावाचे रानकोंबडे दिले. थोडक्यात, सरकारी पातळीवर कोंबड्यांची अदलाबदल. 1983 मध्ये शिकारीचा पहिला वसंत हंगाम झाला, आणि आज दर वसंतात राज्यात चाळीस-पन्नास हजार नर मारले जाऊनही पक्षी टिकून आहे. मुळात वसंतातला परवाना जवळजवळ नरांचाच असतो. नर पिल्लं सांभाळत नाही, आणि हंगामाची आखणी अशी असते की तोवर बऱ्याचशा माद्या अंडी घालायला लागलेल्या असतात.

आता आमच्या त्या सकाळबद्दल.

शेजारी गवळी आहे, सत्तरीचा, गुडघे गेलेला. त्याच्या कुरणाच्या कडेला ओकचं रान आहे. मला शिकारीतलं काही कळत नाही. माझा अनुभव म्हणजे लहानपणी साताऱ्याकडे गलोलीने उडवलेले खडे. लेकीच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी जाऊन आल्या होत्या, म्हणून तिने विचारलं. मी महिनाभर टाळलं. मग बापलेक दोघंही शिकारीच्या सुरक्षा वर्गाला बसलो. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो इथे सक्तीचा आहे, जाणत्याच्या देखरेखीखाली जाणाऱ्या नवख्यांना तेवढी सूट. तिथे घोकून घेतलेल्या नियमांत एक होता: निशाण नीट ओळखा आणि निशाणाच्या मागे काय आहे तेही. परीक्षेत लेकीला माझ्यापेक्षा जास्त गुण पडले. परवाना मात्र मी एकट्याने काढला, आणि बंदूक शेजाऱ्याची घेतली. हंगाम संपला त्याच संध्याकाळी ती त्याच्या तिजोरीत परत गेली.

पहाटे चारला निघताना शेजाऱ्याने टॉर्चचा झोत लेकीच्या डोक्यावर टाकला आणि केसातली लाल रिबन काढायला लावली. नर टर्कीचं डोकं लाल, पांढरं आणि निळं असतं. या तिन्हींतला कुठलाही रंग अंगावर असला, तर झुडपापलीकडचा दुसरा शिकारी माणसाला पक्षी समजून बार टाकू शकतो. टर्कीच्या शिकारीतल्या अपघाताची ही ठरलेली तऱ्हा. रंग बदलणाऱ्या याच डोक्याने एकदा जहांगीर बादशहालाही चकित केलं होतं. 1612 मध्ये त्याच्या मुकर्रबखान या सरदाराने गोव्याहून, पोर्तुगीजांकडून नवलाईच्या ज्या वस्तू नेल्या त्यांत एक टर्की होता. याचं डोकं घडीघडीला रंग पालटतं, असं बादशहाने आपल्या आठवणींत नोंदवलंय, आणि त्याचा दरबारी चित्रकार मन्सूर याने त्या पक्ष्याचं चित्र काढलं. पोर्तुगीज भाषेत टर्कीला म्हणतात पेरू. हे ऐकून लेक गाडीत इतकी हसली की शेजाऱ्याने मागे वळून गप्प राहण्याची खूण केली.

खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसायचं, हाही नियमच. मागून कुणी बार टाकला तर झाडाने तो घ्यावा. माझ्या मांडीवर बंदूक, लेकीच्या मांडीवर डबी. डबी म्हणजे वीतभर लांब लाकडी पेटी, वर दांड्याचं झाकण. झाकणाला खडू घासून ते पेटीच्या कडेवर ओढलं की मादीसारखा आवाज निघतो. लेकीने फेब्रुवारीपासून घरात त्याचा इतका सराव केला होता की बायकोने एकदा ती डबी पिठाच्या डब्यात लपवून ठेवली होती.

उजाडायच्या आत झाडावरून पहिला नर गरजला. त्या आवाजाला मराठी शब्द सापडत नाही. आरवणं नव्हे, केकाटणंही नव्हे. रांजणात तोंड घालून कुणी खदाखदा हसावं तसा काहीसा. लेकीने डबी ओढली. तो पुन्हा गरजला, मग गप्प. इथे निसर्गाचा उलटा हिशोब आहे. रानात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. आपण मादीचा आवाज काढून त्यालाच बोलावतो, म्हणजे त्याची रीतच मोडायला सांगतो. म्हणून तो थांबतो, संशय घेतो, कानोसा घेतो. आपण जास्त बोलावलं तर जागेवरूनच हलत नाही, तूच ये म्हणून उभा राहतो. शेजाऱ्याने लेकीला हाताच्या तळव्याने "बास" केलं. नंतरचा दीड तास तिने डबीला हात लावला नाही. थंडीने तिचे ओठ निळे पडले होते. घरी पाच मिनिटं जेवणाच्या ताटावर स्थिर न बसणारी ही पोरगी.

मी बंदुकीआधी डबी का म्हणतो ते इथे आलं. बंदूक हातात असली की मुलाचं सगळं लक्ष बंदुकीवर जातं: सेफ्टी, निशाण, धक्का, बाप काय म्हणेल. डबी हातात असली की लक्ष पक्ष्यावर जातं. तो कुठे आहे, का थांबला, त्याच्या आसपास मादी आहे का, मघाशी कावळा ओरडल्यावर तो का गरजला. शिकारीचा नव्वद टक्के भाग हाच आहे, हा आकडा माझा नाही, शेजाऱ्याचा. आणि त्याने तो पन्नास हंगामांवरून काढलाय.

सव्वासातच्या सुमारास तो आला. तीस पावलांवर थांबून मान उंच केली. मी बार टाकला.

फोटोत न येणारी गोष्ट अशी की टर्की लगेच शांत होत नाही. बार डोक्यात-मानेत बसला तरी पंख आपटत राहतो, पाचोळा उडतो. अर्धा मिनिट चाललं असेल. मला ते फार लांब वाटलं आणि माझे हात थरथरत होते. लेक रडली नाही. पंख थांबल्यावर तिने विचारलं, "बाबा, मी हाक मारली नसती तर तो आला नसता ना?"

"नसता आला."

ती पुढे काही बोलली नाही. चाप तिने ओढला नव्हता, पण आपला वाटा तिने बरोबर ओळखला होता. बारा वर्षांच्या मुलीला पहिल्या वर्षी एवढा वाटा पुरे आहे. याच्यावर चापाचं ओझं तिच्या बोटावर टाकून तिला आणखी काय शिकवणार होतो, ते मला कुणी समजावून सांगावं.

घरी पिसं काढायला दोन तास गेले. शेजाऱ्याने मानेखालची अन्नपिशवी कापून दिली. लेकीने ती वर्तमानपत्रावर रिकामी केली: गेल्या वर्षीचे ओकचे बोंड, क्लोव्हरची कोवळी पानं, मक्याचे थोडे दाणे, तीन भुंगेरे. तिने बोंडं मोजली, चौदा भरली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत शिकारीची नोंद करावी लागते, ती तिनेच ऑनलाइन केली. तंगड्यांचं मांस चिवट. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात कुकरला आठ शिट्ट्या काढल्या तेव्हा कुठे दाताला लागलं.

आता कायदा. पूर्वी विस्कॉन्सिनमध्ये बंदूक घेऊन शिकार करायला किमान बारा वर्षं पूर्ण लागत. 2009 मध्ये, जाणता माणूस हाताच्या अंतरावर असेल तर दहाव्या वर्षापासून चालेल, अशी सूट आली. 2017 मध्ये दहाचीही अट काढली. खाली मर्यादाच नाही. कायदा लागू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वर्ष न भरलेल्या दहा बाळांच्या नावावर परवाने निघाल्याची नोंद खुद्द राज्याच्या निसर्ग खात्याने दिली. त्यातल्या कुणी बार टाकला नसणार हे उघड आहे. हौशी बापांनी आठवण म्हणून चौकटीत लावायला काढले असतील. पण जो परवाना चौकटीत लावायलाही मिळतो, तो परवाना कसला? बालवाडीत प्रवेशाला इथे लसीकरणाचा कागद मागतात.

समर्थनात सांगतात की मूल कधी तयार झालं हे सरकारपेक्षा आईबापांना जास्त कळतं. ऐकायला बरं वाटतं. पण गाडी चालवायला मूल कधी तयार झालं हे आईबापांवर कुणी सोडत नाही, आणि बंदूक गाडीपेक्षा कमी घातक नाही. याच राज्यात, भरलेली बंदूक चौदा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी ठेवली आणि त्याने ती उडवून कुणाला इजा झाली, तर ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो. म्हणजे वयाला अर्थ आहे हे कायद्याला ठाऊक आहे. फक्त हंगामात तो विसरतो.

का विसरतो, याचं उत्तर पैशात आहे. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्राचा कर वन्यजीवांकडे वळवला. आज तो लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर 11 टक्के आहे, पिस्तुलांवर 10. तो पैसा राज्यांना वाटला जातो. टर्की परत आणण्यात त्या पैशाचा मोठा हात आहे, हे मान्यच करायला हवं. पण मुख्य वाटपाचं सूत्र असं: निम्मा भाग राज्याच्या क्षेत्रफळावर, निम्मा परवानाधारकांच्या संख्येवर. शिकारी कमी झाले की परवान्याची फी तर बुडतेच, केंद्राचा वाटाही घटतो. आणि जुने शिकारी म्हातारे होतायत, त्यांची मुलं शहरात गेली. मग राज्याराज्यांच्या निसर्ग खात्यांत नव्या शिकाऱ्यांच्या "भरती"ची भाषा सुरू झाली. हा शब्द मी नाही वापरत, त्यांचाच आहे. वयाची अट शून्यावर आणण्यामागे या भरतीचं गणित आहे. आठ वर्षांच्या पोराला कोणी रानात बोलावत नाहीय. भविष्यातल्या एका फी भरणाऱ्याला बोलावलं जातंय.

याला दुसरा रस्ता नाही असं नाही. ज्या मिसुरीने आम्हाला टर्की दिले, तिथल्या मतदारांनी त्याच 1976 साली निसर्गरक्षणासाठी विक्रीकरात एक अष्टमांश टक्क्याची भर मान्य केली. दूध घेणारा, बूट घेणारा, पक्षी बघणारा, कशातच रस नसलेला, सगळेच थोडे थोडे भरतात. शेजारच्या मिनेसोटाने 2008 मध्ये तीन अष्टमांश टक्के कर घेतला, पाणी, रान आणि कलांसाठी. रान सगळ्यांचं असेल तर खर्चही सगळ्यांचा. मग खात्याला मुलांकडे गिऱ्हाईक म्हणून बघावं लागणार नाही. मिसुरीतही मुलांचा खास हंगाम आहे, पण तिथे सहा ते पंधरा अशी वयाची चौकट निदान आहे. सहा हेही माझ्या मते लवकरच, पण चौकट आहे.

ग्रुपवरच्या गोळीबाराच्या प्रतिक्रियेला मात्र मी हसण्यावारी नेत नाही. 2020 पासून अमेरिकेत 1 ते 19 वयाच्या मुलांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण बंदूक आहे, गाडीच्या अपघातांपेक्षाही मोठं. त्यात शिकारीतले मृत्यू नगण्य आहेत, हे शिकारी ठासून सांगतात, आणि ते खरं आहे. पण घरातल्या कपाटात कुलपाविना पडलेली बंदूक शिकारीसाठी आणली होती की आणखी कशासाठी, हे उदास झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला काय फरक पडतो? म्हणूनच मी बंदूक उसनी घेतली. शिकार शिकवायला घरात बंदूक असायलाच हवी, हा समज दुकानदारांच्या सोयीचा आहे.

"आपल्याकडे बंदी आहे ते बरं आहे," असंही एका काकांनी लिहिलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याबद्दल मला आदर आहे. उरलेसुरले प्राणी त्याने वाचवले. पण त्या वाक्यातला समाधानाचा सूर मला सहन होत नाही. तितराच्या आवाजात तितराला बोलावणं, फास मांडून तासन्‌तास निश्चल बसणं, ही विद्या आपल्याकडे फासेपारध्यांनी बापाकडून पोराकडे पिढ्यान्‌पिढ्या दिली. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने अशा कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची वाट उघडली. 1952 मध्ये तो कागदावरून पुसला. पोलिसाच्या आणि गावकऱ्याच्या मनातून अजून नाही. माझ्या लेकीने डबीवर जे केलं ते त्या मुलांना खडूशिवाय, नुसत्या ओठांनी येतं. तिला शाबासकी मिळाली आणि सरकारी क्रमांकाची पावती. बंदी उठवा असं मी म्हणत नाही. फक्त बंदी ही आपल्या सुसंस्कृतपणाची पावती आहे, असं समजू नये.

मुंबईतला दहा-बारा वर्षांचा एक मुलगा या वादात नेहमी साक्षीला आणला जातो. सलीम अलींनी 1908 च्या सुमारास छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, आणि तिथल्या मिलार्ड नावाच्या साहेबाने पक्षी ओळखून दिला, वर भुसा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. शिकारीची बाजू घेणारे यातून सांगतात: बघा, बंदुकीतून पक्षीशास्त्रज्ञ झाला. मी म्हणतो, बंदुका तर त्या काळी शेकडो पोरांच्या हातात होत्या. खण उघडणारा माणूस एकाच्या वाट्याला आला. मी गलोलीने पाडलेल्या सुगरणीचं मला काय आठवतं? ती पडली आणि आम्ही पळालो, एवढंच. तिच्या पोटात काय होतं, ती घरटं कुणासाठी विणत होती, हे विचारायला शेजारी कुणी बसलं नव्हतं.

लेकीने ती चौदा बोंडं फेकली नाहीत. चार कुंड्यांत लावली आहेत. पक्ष्याच्या पिशवीतून निघालेलं बोंड उगवेल का, याबद्दल शेजारी साशंक आहे. डबी पिठाच्या डब्याशेजारी फडताळात आहे. पुढच्या वसंताच्या परवान्यासाठी अर्ज करायची शेवटची तारीख 10 डिसेंबर. खात्याकडून त्याच्या आठवणीचे दोन ईमेल येऊन गेले, दुसऱ्यात "आपल्या पाल्यालाही सहभागी करा" असं होतं. मी ते तिला दाखवलेले नाहीत. तिने विचारलं तर अर्ज कुठे भरायचा ते सांगेन.